विजयदुर्ग, १७५६ आणि आमच्या पडवीतला लोखंडी गोळा

गिर्ये ते गिरगाव

११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांच्या बारा किल्ल्यांची जागतिक वारसा यादीत नोंद झाली आणि त्यांत विजयदुर्गाचे नाव आले, तेव्हापासून आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक वाद धुमसत आहे. गिर्ये येथील आमच्या मूळ घराच्या पडवीत एक लोखंडी तोफगोळा आहे. तो किल्ल्यात परत द्यावा असे पुतण्याचे म्हणणे आहे, तो काचेच्या कपाटात ठेवून खाली '१७५६' अशी पाटी लावावी असे धाकट्या भावाला वाटते, आणि घरात प्रत्यक्ष राहणाऱ्या चुलतभावाचे म्हणणे एवढेच आहे, की वारा सुटला की माजघराचे दार आपटते आणि ते अडवायला गोळा लागतो. या वादात मत देण्याआधी आपल्याला त्या गोळ्याविषयी नक्की काय माहीत आहे, हे तपासावे असे मला वाटले, म्हणून या चर्चामंचावर हा धागा काढत आहे. विजयदुर्ग, गिर्ये, पडेल, वाडा, वाघोटन या टापूतल्या आणि खाडीपलीकडच्या मंडळींनी आपल्या घरांतल्या आठवणी लिहिल्या तर मला मदत होईल.

माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले, पण मे महिना मात्र गिर्येतच. आम्ही भाऊच्या धक्क्यावरून बोटीने जात असू. बोट विजयदुर्गाच्या बाहेर उभी राहायची, माणसे आणि वळकट्या एकामागून एक होड्यांत उतरवल्या जायच्या, आणि त्या हेलकावणाऱ्या होडीतून किल्ल्याचे बुरूज अंगावर आल्यासारखे दिसायचे. त्या ठिकाणी वडील दर वर्षी न चुकता तीच गोष्ट सांगत. आपला एक पूर्वज विजयदुर्गाच्या आरमाराचे प्रमुख तुळाजी आंग्रे यांच्या गुराबेवर, म्हणजे लढाऊ जहाजावर, गोलंदाज होता. १७५६ मध्ये इंग्रजांनी आरमार जाळले त्या दिवशी तो पाण्यात उडी टाकून वाचला, रात्रभर चालत गिर्येला आला, आणि त्याच रात्री इंग्रजांच्या तोफेचा एक गोळा आपल्या परसात येऊन पडला. होडीतल्या इतर उतारूंनाही ही गोष्ट ऐकू जावी अशा आवाजात ते ती सांगत, आणि आई पदर तोंडाला लावून दुसरीकडे पाहत असे. तिला बोट लागायची, हे त्यामागचे कारण होते असे मी तेव्हा समजत होतो.

घरी पोहोचले की आम्ही पहिली धाव त्या गोळ्याकडे घेत असू. वायनाच्या, म्हणजे जमिनीत बसवलेल्या उखळाच्या, शेजारी, दाराच्या कडेला तो असायचा. चौघांनी मिळूनही तो उचलत नसे, अशी माझी आठवण आहे. आम्ही तो पायाने ढकलू लागलो की आतून आजीचा आवाज येई : "तो आज्याचो गोळो. तेका पाय लावू नकात." आमच्या घरात 'आज्याचे' म्हणजे वाडवडिलांपासून चालत आलेले. आज्याची भाट, आज्याची विहीर, आज्याचा देव. त्यामुळे आजीच्या या शब्दांत आम्हाला तुळाजी आंग्र्यांचा तो गोलंदाजच दिसत असे.

किल्ल्यावर जाण्याचा एक दिवस ठरलेला असायचा. जिबीच्या दरवाजापाशी एकेकाळी उचलता येणारा पूल होता, हे सांगून वडील आम्हाला तिथे थांबवत. गोमुखी वळणावर शत्रूची कशी कोंडी होई, ते स्वतः उलटसुलट चालून दाखवत. आणि तटावरच्या खड्ड्यांत आमच्या मुठी घालायला लावत. "हा वॉटसनचा, हा क्लाइव्हचा," असे ते सांगत, जणू प्रत्येक खड्ड्यावर सही होती. खुबलढा तोफखान्यापाशी डबे उघडून आम्ही दही-पोहे आणि फणसाचे गरे खात असू. आजही फणसाचा वास आला की मला १७५६ हे साल आठवते, याला काय म्हणावे ते मला कळत नाही.

माझे प्रश्न असे आहेत. आंग्र्यांच्या चाकरीतल्या माणसांच्या घरांत त्या दिवसाची काही स्वतंत्र आठवण, म्हणजे पुस्तकात नसलेली आठवण, कोणाकडे आहे काय? आणि असा गोळा आणखी कोणाच्या घरात आहे काय?

खाडीपलीकडे

आमचे गाव खाडीच्या उत्तर अंगाला, राजापूर तालुक्यात आहे. विजयदुर्ग आम्हाला रोज दिसतो, पण तो दुसऱ्या जिल्ह्यात. लहानपणी तरीतून पलीकडे जाणे ही आमच्यासाठी परदेशवारीच होती.

आमच्या आजोबांकडून मीही त्या आगीची गोष्ट ऐकली आहे. रात्री खाडीचे पाणी तांबडे झाले होते आणि इकडच्या काठावर दिव्याशिवाय सुईत दोरा ओवता येत होता, असे ते सांगत. मी ही गोष्ट अनेक वर्षे आमच्या गावाची आठवण म्हणून लोकांना सांगत आले. पुढे लक्षात आले, की आजोबा शाळामास्तर होते, त्यांच्या कपाटात इतिहासाची पुस्तके होती, आणि गावातल्या इतर कोणत्याही म्हाताऱ्या माणसाला ही गोष्ट ठाऊक नव्हती. सुई-दोऱ्याचा तपशील त्यांनी स्वतः घातला असावा, कारण आजी शिवणकाम करत असे. तेव्हा आपल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते लिहिताना मला थोडे वाईट वाटत आहे.

दप्तरखाना

धागा महत्त्वाचा आहे. घटनाक्रम नीट मांडतो, म्हणजे घरगुती कथा त्याच्याशी ताडून पाहता येतील.

कान्होजी आंग्रे १७२९ मध्ये वारले. पुढे घराण्यात दुफळी होऊन मानाजी कुलाब्यास आणि संभाजी विजयदुर्गास, अशी वाटणी झाली. संभाजींच्या मागून तुळाजी आले. त्यांचे आणि नानासाहेब पेशव्यांचे पटले नाही, आणि १७५५ च्या मार्च महिन्यात पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांशी तुळाजींविरुद्ध करार केला. एप्रिलच्या आरंभी कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनचे आरमार आणि क्लाइव्हची फौज विजयदुर्गावर, म्हणजे इंग्रजांच्या भाषेत घेरियावर, आली. जमिनीवरून पेशव्यांची फौज होतीच. तुळाजी स्वतः त्या वेळी किल्ल्यात नव्हते; ते तहाच्या बोलण्यासाठी पेशव्यांच्या छावणीत गेले होते आणि तिथेच अडकले.

१२ फेब्रुवारीला दुपारी तोफा सुरू झाल्या. आंग्र्यांची जहाजे किल्ल्याच्या आडोशाने एकमेकांना बांधून उभी होती. त्यांत 'रिस्टोरेशन' नावाचे, पूर्वी इंग्रजांकडूनच पकडलेले जहाज होते. त्यावर इंग्रजांचा एक पेटता गोळा पडला, आग एका जहाजावरून दुसऱ्यावर गेली आणि काही वेळात सारे आरमार जळाले. दोन पिढ्यांनी बांधलेले आरमार एका संध्याकाळी गेले. किल्ला पेशव्यांच्या हाती पडू नये म्हणून क्लाइव्हने त्याच रात्री फौज उतरवून किल्ला आणि मराठी सैन्य यांच्या मधली जागा अडवली. १३ तारखेला किल्ला पडला. आत दोनशेहून अधिक तोफा आणि सुमारे दहा लाख रुपयांचा ऐवज सापडला, तो इंग्रजांनी आपसांत वाटून घेतला. तुळाजींची आई, बायका आणि मुले किल्ल्यातच होती. तुळाजी पुढे मरेपर्यंत पेशव्यांच्या कैदेत राहिले.

आता दोन अप्रिय गोष्टी. पहिली, त्या काळच्या जहाजी तोफेचा गोळा खाडीच्या मुखातून गिर्येपर्यंत पोहोचणे शक्य नाही. दुसरी, तटावरचे सगळेच खड्डे तोफांचे नसतात. खाऱ्या वाऱ्याने जांभा दगड आपोआप पोखरला जातो, आणि आपल्या वडिलांनी दाखवलेल्या खड्ड्यांपैकी बरेचसे वाऱ्याचे असण्याची शक्यता मोठी आहे. गोळ्याचा घेर मोजून आणि वजन करून कळवल्यास काही अंदाज सांगता येईल.

सदाशिवपेठी

वरील प्रतिसादातील तपशील बरोबर आहेत, परंतु सूर एकतर्फी वाटला. आमचे घराणे मूळचे दापोलीकडचे, पुढे पुण्यात आलेले. घेरियाच्या मोहिमेत आमचे एक पूर्वज पेशव्यांचे कोकणातले सरसुभेदार रामाजी महादेव यांच्या फौजेत कारकून होते, असे आमच्याकडे परंपरेने सांगतात. लहानपणी ही मोहीम मी विजयाची म्हणूनच ऐकली. तुळाजींनी वाडीच्या सावंतांच्या आणि पंतप्रतिनिधींच्या मुलखावर चढाया केल्या, पेशव्यांची सत्ता मानली नाही, आणि त्यांच्या आरमाराचा उपद्रव व्यापारी जहाजांइतकाच स्वकीयांनाही होता. शासन करणे भाग होते. त्यासाठी इंग्रजांना बोलावणे चूक होते, हे आज म्हणणे सोपे आहे.

दप्तरखाना

शासन करणे भाग होते हे मान्य. पण ज्याला शासन करायचे त्याला दंड करावा, ठाणी घ्यावीत. आरमार मात्र राखावे, कारण ते एका माणसाचे नव्हते. इंग्रजांनी किल्ला लगेच दिलाही नाही. ऑक्टोबर १७५६ मध्ये नवा करार होऊन, बाणकोट आणि त्याभोवतीची गावे इंग्रजांकडे राहू दिल्यावर, तो पेशव्यांच्या हवाली झाला.

सदाशिवपेठी

हे खरे आहे. आमच्या घरच्या कथेत बाणकोटचा उल्लेख कधीच येत नसे. कारकुनाच्या घरात तरी तो यायला हवा होता.

हर्णैची पोर

विजयदुर्गाच्या आधी वर्षभर हेच आमच्याकडे घडले, त्याची आठवण कोणी काढत नाही, म्हणून लिहिते. मी हर्णैची. सुवर्णदुर्ग आमच्या घरासमोर पाण्यात आहे आणि किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेदुर्ग आणि गोवा किल्ला आहेत. जेम्सच्या तोफांनी तिथेही आतल्या गवती छपरांना आग लागली आणि दारूचे कोठार उडाले. संध्याकाळी बंदरावर मासळीचा लिलाव चाललेला असायचा, आम्ही मुले टोपल्यांमधून वाट काढत पुढे जायचो आणि भरतीच्या वेळी फत्तेदुर्गाच्या बाजूला लाटा अंगावर घेत बसायचो. सुवर्णदुर्गात जायला होडी लागे आणि वडील फुकट कधी नेत नसत, त्यामुळे समोर असूनही मी तिथे पहिल्यांदा गेले ती लग्नानंतर, नवऱ्याला दाखवायला.

माझा भाचा लंडनमध्ये राहतो. त्याने एकदा फोटो पाठवला आणि विचारले, "मावशी, हे तुझ्या गावचे नाव इथे कसे?" शूटर्स हिल नावाच्या टेकडीवर एक तीन बाजूंचा मनोरा आहे, त्याचे नाव 'सेव्हर्नड्रुग कॅसल'. जेम्सच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने १७८४ मध्ये तो त्याच्या स्मरणार्थ बांधला. आमच्या सुवर्णदुर्गाचा उच्चार त्यांना एवढाच जमला. तिकडच्या मनोऱ्यावर चढून लोक लंडन पाहतात, असे भाचा म्हणाला. मी आईला फोटो दाखवला तर ती एवढेच म्हणाली, की नाव तरी नीट विचारून घ्यायचे होते.

जांभळाखालची शाळा

मी विजयदुर्ग परिसरात काही वर्षे शिक्षक होतो. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळचे 'साहेबाचे कट्टे' किल्ल्यावर दाखवतात आणि लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने तिथे बसून हेलियम शोधला असे सांगतात. मीही अनेक वर्षे मुलांना तेच सांगितले. प्रत्यक्षात लॉकियरचे निरीक्षण त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून झाले, आणि ग्रहणाच्या दिवशी जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता. हे कळल्यावर मी वर्गात दुरुस्ती केली, तेव्हा एका मुलाने विचारले, "मग कट्टे कोणाचे?" या किल्ल्याला चांगल्या गोष्टी येऊन चिकटतात, हे गोळ्याच्या बाबतीतही ध्यानात ठेवावे, एवढ्यासाठी लिहिले.

गिर्ये ते गिरगाव

सर्वांचे आभार. खड्ड्यांविषयीचा मजकूर वाचून वडिलांची बाजू घ्यावीशी वाटली, पण घेण्यासारखी बाजू सापडली नाही.

चुलतभावाने शिंप्याच्या फितीने घेर मोजला, तो चाळीस सेंटीमीटरांहून किंचित अधिक भरला. वजनासाठी त्याने गोळा पिशवीत घालून बंदरावर नेला. मासळीच्या काट्यावर तो आठ किलोला थोडा कमी भरला, आणि काटेवाल्याने भाव विचारला. चौघांनी मिळून उचलत नसे, ही माझी आठवण त्यामुळे निकालात निघाली.

दप्तरखाना

म्हणजे व्यास सुमारे पावणेतेरा सेंटीमीटर. १८ पौंडी तोफेच्या गोळ्याशी हे जुळते. १८ पौंड म्हणजे ८.१६ किलो, आणि गंजाने थोडे वजन घटणारच. माप इंग्रजी आहे, पण यावरून तो इंग्रजांनीच डागला असे ठरत नाही. आंग्र्यांकडे आणि पुढे पेशव्यांच्या आरमाराकडेही युरोपीय बनावटीच्या तोफा भरपूर होत्या. आनंदराव धुळप विजयदुर्गाहून पेशव्यांचे आरमार चालवत होते आणि १७८३ च्या एप्रिलमध्ये त्यांनी इंग्रजांचे 'रेंजर' जहाज पकडले, त्या काळातलाही तो असू शकतो. १८१८ पर्यंत किल्ल्यात दारूगोळा होताच. तो डागला गेला असेल किंवा नुसता कोठारात पडून असेल.

पडेलचा माळ

धागा आज वाचला आणि हसू आले. माफ करा, आपल्याला नव्हे.

आमच्या आजोळी, गिर्येतच, अगदी असाच गोळा होता. मोठे मामा सांगत, की त्यांचे वडील आणि शेजारच्या वाडीतला त्यांचा मित्र, दोघेही बारा-तेरा वर्षांचे असताना, किल्ल्यात पडलेल्या ढिगातून एकेक गोळा उचलून पैजेवर गिर्येपर्यंत घेऊन आले होते. अट अशी होती, की वाटेत खाली ठेवायचा नाही. आमच्या आजोबांनी तो रामेश्वराच्या देवळापाशी खाली ठेवला आणि ते पैज हरले. मित्र मात्र घरापर्यंत गेला. आपल्या पडवीतला गोळा त्या मित्राचा असावा अशी मला दाट शंका आहे. आमच्या आजोळचा गोळा पुढे भंगारवाल्याला दिला गेला, तेव्हा मामा गावात नव्हते. ते आल्यावर घरात जे झाले ते इथे लिहिण्यासारखे नाही.

गिर्ये ते गिरगाव

हा प्रतिसाद वाचून मी दोन दिवस काही लिहिले नाही. मग आत्याला फोन केला. ती शहाऐंशी वर्षांची आहे, ऐकू कमी येते, त्यामुळे हे बोलणे आमच्या संपूर्ण इमारतीने ऐकले.

मी विचारले, की पडवीतला गोळा तुळाजी आंग्र्यांच्या वेळचा ना. ती म्हणाली, "खुळो काय तू? तो माझ्या बापाशीन आणलेलो." पुढे तिने जे सांगितले ते वरच्या प्रतिसादाशी जवळजवळ शब्दशः जुळते, आणि एक गोष्ट अधिक आहे. आजोबा गोळा डोक्यावर चुंबळीत घेऊन घरी पोहोचले, तेव्हा त्यांच्या वडिलांनी त्यांना मारले, कारण त्या दिवशी गुरे राखायची पाळी त्यांची होती. पैज एका आण्याची होती आणि तो आणा त्यांना कधीच मिळाला नाही. मित्र मोठा झाल्यावरही देतो-देतो म्हणत राहिला.

आजी 'आज्याचो गोळो' म्हणत असे, ते अक्षरशः खरे होते. आज्याचा, म्हणजे आमच्या आजोबांचा. ते माझ्या जन्माआधी वारले, त्यामुळे आम्हा नातवंडांना 'आजो' या शब्दामागे माणूस दिसलाच नाही, थेट पूर्वज दिसला. वडिलांना खरे ठाऊक होते काय, असे मी आत्याला विचारले. ती म्हणाली, की त्याला चांगले ठाऊक होते आणि तुझ्या आईलाही. होडीत आई तोंडाला पदर का लावत असे, ते मला आता कळले.

पडेलचा माळ

तो एक आणा आमच्या आजोबांचे देणे आहे, असे यावरून सिद्ध होते. व्याजाचे आपण समोरासमोर बोलू.

खाडीपलीकडे

गोलंदाज पूर्वजाचे काय झाले?

गिर्ये ते गिरगाव

आत्याला त्याच्याविषयी काही माहिती नाही. तिने ते नाव माझ्या वडिलांच्याच तोंडून ऐकले होते, तेही बोटीत.

गटावर मी एवढेच कळवले, की १७५६ ची पाटी करायला टाकू नये. पुतण्या अजूनही गोळा किल्ल्यात परत देण्याच्या मताचा आहे आणि आता त्याची बाजू अधिक भक्कम झाली आहे, कारण वस्तू किल्ल्यातूनच उचललेली आहे, हे आपणच शोधून काढले. पावसाळा संपल्यावर तो स्वतः तिथल्या संबंधितांना विचारणार आहे. मी त्याला म्हटले, की न्यायचा तर आजोबांसारखाच ने, मध्ये खाली न ठेवता. तो गाडीने नेणार आहे. चुलतभावाने दारासाठी तोवर वायनातला जांभ्याचा तुकडा लावून पाहिला, पण तो सरकतो, म्हणून गोळा सध्या जागच्या जागी आहे.